तिसऱ्या खोलीतलं टोक

लोटनचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा, कारण नळ तेव्हा यायचा. पाणी भरून झालं की तो सायकलीला फावडं बांधून टेलिफोनच्या केबलचे चर खणायला निघे. एकतीस वर्षं हेच. तीन फूट खणायचं, केबल अंथरायची, माती दाबायची. दाबलेली माती खचली तर दुसऱ्या दिवशी न सांगता जाऊन पुन्हा दाबून येई.

१९९८च्या मे महिन्यातल्या त्या बुधवारी मात्र तो घरी राहिला. सून कुंदा म्हणाली होती, "नाना, वायरीतलं तुम्हाला कळतं. एकदा बघा."

जळगावातलं तीन खोल्यांचं घर, वर पत्रे. पुढच्या खोलीत कुंदाचा टाइप करायचा कॉम्प्युटर, मधल्या खोलीत दुसरा, त्याला प्रिंटर. दोन्ही एका काळ्या वायरीने जोडलेले. वायर तिच्या नवऱ्याने, पितांबरने टाकली होती. दिवाळीनंतर सोनगीरजवळ त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. तो गेल्यावर काम कुंदाने चालू ठेवलं.

फैजपूरच्या एका सोसायटीची मतदारयादी, चार हजार नावं, शनिवारी द्यायची होती. नाही दिली तर पुढचं सगळं काम धुळ्याला जाणार होतं, आणि दुसरं काम हाताशी नव्हतं. पूर्वी फाइल पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत मिनिटात जाई. पंधरा दिवसांपासून अर्धा-अर्धा तास लागे, आणि मध्येच अडे. फ्लॉपीत घालून न्यावी तर फ्लॉपीचा खण कधीच बिघडलेला होता.

"हे बघा," कुंदाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मी काहीच पाठवत नाहीये."

मधल्या कॉम्प्युटरच्या पाठीमागचा हिरवा दिवा तरी लुकलुकत होता. थांबे, पुन्हा लुकलुके. कुणी अडखळत बोलावं तसा.

लोटनची बायको बेबाबाई दारात उभी होती. "तोच शे, मना पितांबर," ती म्हणाली. "त्यानी घर सोडं नही."

"गप बस. वायर शे ती."

"वायरच शे, तं एकतीस वरीस वायर पुरनाऱ्याले का नही सापडस?"

एका टोकापासून लोटन वीतवीत वायर चाचपत गेला. एका वेळी एकच जोड उघडायचा, पुसायचा, घट्ट करायचा. मग कुंदा तीच फाइल पाठवी आणि तो घड्याळ बघे. अठ्ठावीस मिनिटं. एकतीस. एकोणतीस. दुपारी पत्रे तापून तडतडायला लागले. चौथ्या वेळी फाइल अर्धीच आली. छापून निघालेल्या कागदावर शेवटचं नाव पितांबर होतं.

"यादीत सात पितांबर आहेत, नाना," कुंदा म्हणाली. पण कागद तिने उलटा ठेवला.

आता वायर पुढे जाई ती फक्त तिसरी खोली उरली होती. ती पितांबरची, बंद असलेली. तिथला कॉम्प्युटर त्याच्या दोस्ताचा, रतिलालचा. पंधरा दिवसांपूर्वी तो रतिलाल घेऊन गेला, तेव्हा वायरीचं टोक लोटननेच आवरलं होतं. टोकावरचं चांदीसारखं टोपण काढलं, टेप गुंडाळला, खिळ्याला टांगलं. टेलिफोनची वायर अशीच आवरतात. टेप लावलेलं टोक मेलेलं टोक, हे चरात उतरणाऱ्या कुणालाही माहीत. म्हणून आज त्याने ते तपासलंच नव्हतं.

तीन वाजता त्याने कडी काढली. खुंटीला शर्ट होता. खाटेजवळ बेबाबाई रोज भरून ठेवायची तो पाण्याचा पेला होता. सकाळी भरलेला, आता अर्धा. लोटनने पेल्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फळीवरची वही घेतली. पितांबरच्या अक्षरात लिहिलं होतं:

"दोन्ही टोकांना टोपण हवंच. टोक उघडं राहिलं तर पाठवलेलं शेवटापर्यंत जातं, तिथून परत येतं आणि नव्या पाठवलेल्यावर आदळतं. टोपण काढू नये."

त्याने ते दोनदा वाचलं. मग बाहेर येऊन विचारलं, "ते टोपण कुठं शे?"

बेबाबाईने भिंतीवरच्या पितांबरच्या फोटोकडे पाहिलं. काळ्या दोऱ्यात ओवलेलं टोपण हाराखाली लोंबत होतं. "त्याना हात लागेल शे त्याले. मी नही देवाव."

"दुसरं आणता येईल," कुंदा म्हणाली, "पण जळगावात मिळत नाही. मुंबईहून यायला आठ दिवस."

लोटन जमिनीवर बसला. "मी काढं ते," तो म्हणाला. "चूक मनी शे."

आपली चूक त्याने घरात अशी कधी बोलून दाखवली नव्हती. बेबाबाईने दोरा सोडला, टोपण मुठीत धरलं आणि स्वतःच तिसऱ्या खोलीत गेली. लोटनने टेप काढून टोक तिच्यापुढे धरलं. तिने टोपण फिरवून बसवलं.

"गेली," बाहेरून कुंदाचा आवाज आला. "पन्नास सेकंद."

फाइल गेली आणि हिरवा दिवा थांबला. बेबाबाई मधल्या खोलीत येऊन त्या दिव्याकडे बघत राहिली. "आते गया तो," ती म्हणाली. घरात कुणालाच हायसं वाटलं नाही.

शनिवारी यादी फैजपूरला पोचली. चार हजार नावांच्या मजुरीतून कुंदाने सगळ्यात आधी मुंबईहून नवं टोपण मागवलं, म्हणजे जुनं बेबाबाईला परत देता येईल. नवं आलं त्या दिवशी जुनं काढल्यावर टोक उघडं पडलं, आणि मधल्या खोलीतला दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. लोटनच्या हातात नवं टोपण होतं. ते बसवायची त्याने घाई केली नाही.