झुमोरा लॅब्ज आणि माझा मेहुणा

माझ्या क्रेडिट कार्डावर दरोडा पडला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो.

फोन टिंग करून वाजला. मेसेज होता: 'आपल्या कार्डावरून झुमोरा लॅब्ज यांना २,९९९ रुपये अदा झाले आहेत. हा व्यवहार आपण केला नसल्यास त्वरित कळवा.' बिस्किट तुटून कपाच्या तळाशी गेलं. (ते मी नंतर चमच्यानं काढून खाल्लं. दरोडा पडला म्हणून बिस्किट कोण सोडतं?)

आता मी काही ऐरागैरा माणूस नाही. वसमतच्या एका शाळेत तेवीस वर्षं गणित शिकवतोय आणि गेल्या वर्षापासून 'ऑनलाइन फसवणुकीपासून सावधान' हा तासही माझ्याकडेच आहे. (सगळ्या स्टाफमध्ये क्रेडिट कार्ड असलेला मी एकटाच, एवढीच माझी पात्रता.)

"संगीता!" मी ओरडलो. "लुटलं आपल्याला!"

बायको लाटणं घेऊनच बाहेर आली. चोर घरात शिरलाय असं तिला वाटलं होतं. मी फोन पुढं केला. तिनं मेसेज वाचला आणि तिचा चेहराच उतरला.

"लॅब? कोनती तपासणी केली तुमी?"

"अगं, केलीच न्हाई!"

"तीन हजाराची तपासणी काय साध्या तापाची ऱ्हाती का? खरं सांगा, रिपोर्टात काय निघालं?"

"रिपोर्टच न्हाई ना!"

"म्हंजी अजून यायचाय," ती म्हणाली, खुर्चीत मटकन बसली आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

लॅब हा शब्द माझ्या डोक्यात मात्र वेगळ्याच कारणानं रुतून बसला. कारण आमच्या नात्यात एक लॅबवाला आहे. विलास. संगीताचा धाकटा भाऊ. बसस्टँडजवळ त्याची रक्त तपासायची छोटीशी लॅब आहे. आणि याच विलासनं चार दिवसांपूर्वी आमच्याकडं जेवायला आला असताना माझं कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं होतं! "दाजी, याच्यातून किती उचलता येतेत हो?" असंही विचारलं होतं! गणिताच्या माणसाला आणखी काय लागतं? इति सिद्धम्!

मी फोन लावला.

"विलास, तुझ्या लॅबचं दुसरं नाव काय आहे?"

"दुसरं नाव? काहून?"

"झुमोरा!"

"दाजी, तब्येत बराबर हाय ना तुमची?"

"विषय बदलू नको. माझे तीन हजार कुठं गेले?"

पलीकडून हळू आवाज आला, "दाजी, तुमी मला चोर म्हनून राहिले का?"

"मी फक्त समीकरण मांडतोय," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला. इकडं बायकोचं रडणं एकदम थांबलं.

"माझ्या भावाला चोर म्हन्ले तुमी?"

पाच मिनिटांपूर्वी हीच बाई मला स्वतःची किडनीसुद्धा द्यायला तयार झाली असती! आता तिच्या हातातल्या लाटण्याकडं बघून मला माझ्या आहेत त्या दोन्ही किडन्यांची काळजी वाटायला लागली.

अशा वेळी माणसानं डोकं शांत ठेवून कार्ड बंद करावं, असं मी पोरांना शिकवतो. मी कात्री घेतली आणि कार्डाचे मधोमध दोन तुकडे केले. बंद म्हणजे कसं, कायमचं बंद! मग लक्षात आलं की तक्रारीचा नंबर कार्डाच्या मागं छापलेला असतो आणि कात्री बरोबर त्या नंबरावरून गेली आहे. मधला एक आकडा तीन होता की आठ, ते काही कळेना. मी तीन धरून फोन लावला. पलीकडच्या बाईनं माझी सगळी कहाणी मन लावून ऐकली आणि शेवटी विचारलं, "सर, आपका कूलर कौन सा मॉडल है?"

तेवढ्यात विलासची मोटारसायकल दारात थांबली. काखेत लॅबची वर्षभराची पावतीपुस्तकं! संगीतानं पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यानं हात मागं घेतला.

"पानी न्हाई ताई. मी चोर न्हाई हे दाजीला पटल्याशिवाय या घरचं पानी न्हाई पिनार. आधी बँकेत चला."

मला क्षणभर कसंतरी झालं, पण समीकरण समीकरण असतं. संगीता भावाच्या मागं मोटारसायकलवर बसली. मला कोणी बसा म्हटलं नाही. मी पायी निघालो.

बँकेत हळद विकल्याचे पैसे काढायला शेतकऱ्यांची ही गर्दी! नंबर येईपर्यंत मी रांगेतल्या लोकांना सावधगिरीचे चार शब्द सांगून घेतले. "घरचा माणूस असला तरी कार्ड हातात देऊ नका," असं मी मुद्दाम विलासकडं बघून म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. काउंटरवरच्या मॅडमनी माझे दोन तुकडे जुळवले, आपल्याकडच्या नंबरावर फोन लावला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. (त्यांचा हा चांगुलपणा मी आजही विसरलेलो नाही.)

"सर," पलीकडची मुलगी स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "झुमोरा लॅब्ज एक मोबाइल ऐप है. इसमें फोटो पर बाल लगाए जाते हैं."

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. "काय म्हन्ली ती?"

"फोटोत डोस्क्याला केस लावून देतेत म्हने!" शेजारच्यानं ओरडून सांगितलं.

अख्ख्या बँकेनं माझ्या डोक्याकडं बघितलं. तिथं बघण्यासारखं पस्तिशीनंतर काहीच उरलेलं नाही.

"कुछ गलती होगी," मी पुटपुटलो.

"नहीं सर. पिछले महीने आपने ही एक महीने का फ्री ट्रायल लिया था. ओटीपी भी आपने ही डाला था. अब साल भर की मेंबरशिप चालू हो गई है. कल आपको मैसेज भी भेजा था."

मग आठवलं. रविवारची दुपार, घरात कोणी नाही, 'एक महिना फुकट'. मी आपला एकच फोटो टाकला होता. पाच तऱ्हेचे केस बघितले, आरशात बघितलं आणि अ‍ॅप काढून टाकलं. अ‍ॅप काढलं की विषय संपतो, असा माझा समज! आणि कालचा तो मेसेज? तो तर मी आठवी 'ब'च्या पोरांना नमुना म्हणून दाखवला होता! "बघा, खोटा मेसेज असा असतो," म्हणून सगळ्यांसमोर डिलीट केला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या!

विलासनं पावतीपुस्तकं टेबलावर ठेवली. आता हा चारचौघांत माझी लाज काढणार, म्हणून मी मान खाली घातली. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दाजी, मला सांगायचं ना. थायरॉइड फुकट तपासला असता. केस काहून जातेत ते तरी कळलं असतं."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं, विलास," मी भर बँकेत हात जोडले. "तुझ्यावर असा आळ घ्यायला नको होता."

"ऱ्हाऊ द्या आता. चला घरी, पानी पाजा. लई तहान लागली."

घरी येऊन तो तांब्याभर पाणी आणि दोन कप चहा प्याला. बायकोनं मात्र आल्या आल्या परत हातात घेतलेलं लाटणं जागेवर ठेवायला अर्धा तास घेतला. पैसे परत मिळणार नव्हते. "वर्षाचे भरलेच हायेत, तर वापरा तरी," म्हणत विलासनं ते अ‍ॅप परत माझ्या फोनात टाकलं. माझे पाचही फोटो तिथं जसेच्या तसे होते. संगीतानं फोन हातात घेतला. कुरळे केस, मधून भांग, डावीकडून भांग, मागं वळवलेले, मानेपर्यंत रुळणारे. एकेक फोटो तिनं निरखून बघितला. बोर्डाच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा मी बाजूला बसलो होतो.

"हे कंपनीवाल्याईचे फोटो ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमचे कोनते हायेत, ते दाखवा."

मी घसा खाकरला.

"माझे अजून तयार व्हायचेत."