जसं लिहिलंय तसं वाचा

माझा फोन अपडेट होताना बंद पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या प्रत्येकाने तो हातात घेऊन बघितला आणि प्रत्येकाने मला आपलं मत सांगितलं. पडद्यावर काय लिहिलंय ते मात्र एकानेही सांगितलं नाही. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे डोळस माणसांची ही खोड मला पाठ आहे. त्यांना वाचायला सांगा, ती वाचत नाहीत. ती बघतात, मनातल्या मनात काहीतरी ठरवतात आणि आपल्याला थेट निकाल देतात. दादा म्हणाला, "काय तरी इंग्रजीत आलंय. गेला हा." वहिनी म्हणाली, काळं काळं दिसतंय नुसतं. आईला चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही, तरी तिनेही तो उलटासुलटा करून बघितला आणि नजर लागली असेल म्हणाली.

आम्ही तेरला राहतो. दादा शेती बघतो, मी धाराशिवला एका शाळेत इतिहास शिकवते. रोज सकाळी बसने जाते आणि संध्याकाळी बसने येते, एकटी. हे एकटीने जाणं मला कुणी दिलेलं नाही, मी ते भांडून घेतलंय. नोकरी लागली तेव्हा घरात ठरलं होतं की दादा मोटारसायकलवर सोडणार आणि तोच आणणार. सुरुवातीला तसं चाललंही. पेरणी आली की माझी शाळा बुडायची, माझी मीटिंग निघाली की त्याचं रान खोळंबायचं, आणि उपकार मात्र एकाच बाजूला साचत जायचे. मग मी बोलणारा फोन घेतला. बोट फिरवलं की तो पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो. समोर नोट धरली की ती कितीची ते सांगतो, थांबा जवळ आला की कानात सांगतो, धडे वाचून दाखवतो. हातात काठी, कानात फोन, आणि मी बसमध्ये. गावातल्या बायका आईला विचारायच्या, पोरीला असं एकटं सोडता तरी कसं? आई म्हणायची, "आमी कुठं सोडतो? ती जाती."

तो फोन घेतला तेव्हा त्याची सगळी मांडामांड दादाने केली होती. प्रेमानेच केली, त्यात काही खोट नाही. पासवर्ड त्याने ठरवला, खात्याला नंबर त्याचाच दिला. बऱ्याच महिन्यांनी एकदा जेवताना तो सहज म्हणाला, आज चौकात एवढा वेळ का थांबली होतीस? मी मैत्रिणीबरोबर भजी खात थांबले होते. माझा घास हातात तसाच राहिला. मी कुठे आहे ते पहिल्या दिवसापासून त्याच्या फोनवर नकाशात दिसत होतं. काळजीपोटी केलं म्हणाला. मी म्हटलं, मग तूही दिवसभर कुठे असतोस ते मला दिसू दे. मी एकेक सेटिंग धुंडाळून ते बंद केलं, नंबर बदलला, पासवर्ड बदलला. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही.

म्हणून त्या सकाळी मला काळजी फोनची नव्हती. फोन काय, नवा घेता येतो. पण दादाने तोवर गाडी बाहेर काढली होती आणि आता काही दिवस मीच सोडत जाईन असं जाहीरही करून टाकलं होतं. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि थोडा आनंदही होता. तो आनंद मी ओळखला आणि माझं डोकं फिरलं.

झालं होतं ते असं. आदल्या संध्याकाळी फोनने नवं सॉफ्टवेअर आलंय म्हणून सांगितलं, मी हो म्हटलं. फाइल मोठी होती, नेटवर्क येत-जात होतं. बराच वेळ घेऊन ती उतरली एकदाची. मग फोन आपणहून बंद झाला, थरथरला, आणि चालू होण्याऐवजी पुन्हा थरथरला. थरथर, शांतता, थरथर. किती तरी वेळ त्याचं तेच चाललं होतं. शेवटी तेही थांबलं आणि पडद्यावर ते इंग्रजी आलं, जे घरात कुणी वाचेना. बोलणारा फोन नेमका अशा वेळी मुका होतो. दुरुस्तीसाठी जो पडदा येतो त्याला वाचाच नसते. ज्याने तो बनवला त्याच्या डोक्यात आलंच नसावं की फोन दुरुस्त करायची पाळी न दिसणाऱ्या माणसावरही येऊ शकते. तो कधी भेटला तर मी त्याला सोडणार नाही.

शाळेत पोचवण्याआधी दादाने मला धाराशिवमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेलं. काउंटरवरचा माणूस सरळ दादाशीच बोलायला लागला. यांचा पासवर्ड काय, यांना आतलं काही लागतं का, यांनी अपडेटला हात कशाला लावला. मी काउंटरला टेकून उभी होते. फोन माझा आहे, मला विचारा, असं मी म्हटलं. तो हो हो मॅडम म्हणाला आणि पुन्हा दादालाच सांगायला लागला की सगळं पुसून नव्याने चालू करावा लागेल, दुसरा इलाज नाही.

"मारा की रिसेट," दादा म्हणाला. "घरी गेल्यावर म्या परत टाकून देतो सगळं."

मी काउंटर चाचपून फोन उचलला आणि पर्समध्ये टाकला.

आत माझी पुस्तकं होती, माझ्या आवाजात बोलून ठेवलेली धड्यांची टिपणं होती. ते सगळं खपून परत जमवता आलं असतं. पण पुसलेला फोन घरी आला की तो आधी कुणाच्या हातात जातो हे मला चांगलं माहीत होतं. नंबर कुणाचा, पासवर्ड कुणाचा, नकाशा कुणाला दिसणार, हे भांडण मी एकदा जिंकले होते. ते पुन्हा पहिल्यापासून भांडायला मी तयार नव्हते. शाळेपर्यंत दादा समजावत राहिला, हट्टाला काही अर्थ आहे का, लोक साधा बटणांचा फोन वापरत नाहीत का. वापरतात. त्यांना बसची पाटी दिसते.

शाळेच्या ऑफिसातून मी लातूरच्या मैत्रिणीला फोन लावला. तिलाही दिसत नाही, आणि असल्या बाबतीत तिचं डोकं माझ्यापेक्षा फार पुढे धावतं. तिच्यावर हीच वेळ येऊन गेली होती. तिने सांगितलं की अपडेट अर्धवट राहिलं की जुन्या फायलींचे तुकडे नव्याच्या आड येतात. पुष्कळदा तेवढे तुकडे पुसले तरी फोन उठतो आणि आपलं सामान जागच्या जागी राहतं. दुरुस्तीच्या पडद्यावर ओळी असतात, आवाजाच्या बटणाने खाली सरकायचं आणि चालू-बंदच्या बटणाने निवडायचं. त्यात 'वाइप'ने सुरू होणाऱ्या दोन ओळी एकाखाली एक असतात. 'वाइप कॅश'ने फक्त तुकडे जातात. 'वाइप डेटा'ने सगळंच जातं. मग ती म्हणाली, "वाचणारा पारखून घे. नुसतं दिसून भागत नाही."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. मी ऑफिसातूनच दादाला कळवलं की न्यायला येऊ नको, मी बसने येते. फोन नसताना, असं त्याने विचारलं. व्हय, म्हटलं आणि ठेवून दिला.

रिक्षाने बाजारात गेले. काठी टेकत, विचारत, चुकीच्या बोळात शिरून परत फिरत एका लहानशा दुकानाशी पोचले. शाळेतल्या एका मॅडमनी ते सांगितलं होतं. दुकानदार वयाने पोक्त होता, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा म्हणे. त्याने फोन बघितला आणि बसल्या जागी निकाल दिला. "रिसेट मारावं लागतंय, मॅडम."

मी म्हटलं, "रिसेट नाही करायचं. आणि बटणं मी दाबणार. तुम्ही फक्त वाचायचं. जसं लिहिलंय तसं वाचा, एक अक्षर गाळू नका."

त्याला ते आवडलं नाही. तुम्हाला कसं जमेल, द्या इकडे, मी करून देतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बटणं बघावी लागत नाहीत, ती हाताला लागतात, असं मी त्याला सांगितलं. शेवटी त्याची खरी अडचण बाहेर आली. त्याला इंग्रजी फाडफाड वाचता येत नव्हतं, आणि दुकानात गिऱ्हाईकं बसलेली होती. मी आवाज खाली आणून म्हटलं, अक्षरं म्हणा तुम्ही, शब्द मी जुळवते.

मग आम्ही सुरू केलं. फोनला केबल लावली, बटणं एकदम धरून दुरुस्तीचा पडदा आणला. मी एकेक ओळ खाली जायची आणि तो अक्षरं म्हणायचा. आर, ई, बी. पुढे? ओ, ओ, टी. ही नको, पुढची. पहिलीच्या वर्गात बसल्यागत आमचं चाललं होतं. बाकड्यावरची गिऱ्हाईकं आधी हसत होती, मग तीही गप्प होऊन ऐकायला लागली.

एकाएकी तो खुशीत येऊन म्हणाला, "आलं बघा, वाइप. दाबा."

माझं बोट बटणावरच होतं. मी म्हटलं, "पुढचं वाचा."

"वाइपच हाय, मॅडम. तुमी म्हणलं तेच. दाबा की."

"पुढचं वाचा."

त्याने कंटाळून सुस्कारा टाकला आणि वाचायला लागला. "डी. ए. टी." आणि तो थांबला.

मी बोट उचललं. एक दाब, आणि मी दादाच्या गाडीच्या मागच्या सीटवर परत गेले असते. मला दुकानदारावर ओरडायचं होतं. पण तोच हळू आवाजात बोलला. चुकलं म्हणाला, रोज तीच ओळ दाबायची सवय, वाइप दिसलं की पुढचं बघितलंच जात नाही. डोळस माणसाच्या तोंडून हे कबूल झालेलं मी पहिल्यांदा ऐकत होते, त्यामुळे माझं ओरडणं राहून गेलं.

पुढची ओळ त्याने वाचली ती अशी की एखाद्याने तांदूळ निवडावेत. सी, ए, सी, एच, ई. शेवटपर्यंत जाऊन तो परत पहिल्यापासून आला आणि पुन्हा सगळी म्हणाला. खात्री करून घेणारा प्रश्न आला तोही त्याने अक्षर न गाळता वाचला. हो कुठे आहे, नाही कुठे आहे, मी आत्ता कुठल्यावर उभी आहे, सगळं सांगितलं. मी दाबलं. मग फोन बंद करून चालू करायची ओळ आम्ही शोधली आणि तीही मीच दाबली.

फोन थरथरला. मी पुढच्या थरथरीची वाट बघत बसले, ती आली नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ती चालू होतानाची धून वाजली, आणि पाठोपाठ तो आवाज बोलला, तोच बेसूर मराठी बोलणारा यंत्राचा आवाज. वेळ सांगितली, मग बॅटरी फार कमी आहे म्हणाला. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. बाकड्यावरचं कुणीतरी टाळी वाजवायला लागलं, त्याला मी गप्प बसवलं. आम्ही काही सर्कस करत नव्हतो.

तिथेच बसून मी फोन तपासला. आत जागाच उरली नव्हती, म्हणून अपडेट मध्येच अडकलं होतं. सगळी जागा नातेवाइकांच्या सुप्रभातांनी, लग्नाच्या फोटोंनी आणि देवाच्या व्हिडिओंनी भरली होती. मी ते भराभर पुसत सुटले. लग्नात कुणाचा फेटा कसा होता, हे मला पाठवून त्यांना काय मिळत होतं देव जाणे. तेवढ्यात लाइट गेली आणि चार्जिंग थांबलं. दुकानदार म्हणाला, लाइट येईपर्यंत बसा. पण माझी बस निघायची होती. तो पैसे घ्यायला तयार नव्हता, मी ते त्याच्या हातात कोंबले आणि निघाले.

फोन कानाशी धरून बसमध्ये बसले होते, पण तेर यायच्या आधीच त्याने मान टाकली. कंडक्टरने तेर म्हणून आरोळी दिली, मी उतरले.

पाय जमिनीला लागतो न लागतो तोच दादाचा आवाज आला. तो दुपारपासून स्टँडवर बसला होता, धाराशिवकडून येणारी प्रत्येक बस बघत. झाला का चालू, म्हणाला. झाला होता, आता चार्जिंग संपलंय, असं मी सांगितलं. त्याने फोन माझ्या हातातून घेतला, बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं.

"म्हंजी बंदच हाय की," तो म्हणाला. "चल, बस गाडीवर. सोमवारपासून म्या सोडत जातो."

मी हात पुढे केला आणि फोन परत घेतला. "फोन बंद हाय, दादा. मी न्हाय."

मी काठी उघडली आणि घराच्या रस्त्याला लागले. थोड्या वेळाने मागून चाकांचा आवाज यायला लागला. त्याने गाडी चालू केली नव्हती, तो ती ढकलत माझ्या मागे मागे येत होता, मी कुठे अडखळते का ते बघत. ऊन डोक्यावरून उतरलं होतं तरी त्याला धाप लागत होती. मी थांबले. मागे न वळता त्याला सांगितलं की गाडी चालू कर, पुढे हो, आणि घरी जाऊन चहा टाक. वहिनीला सांगू नको, तू टाक.

मग त्याने किक मारली, माझ्या बाजूने गाडी काढली आणि पुढे निघून गेला. तो आवाज पार ऐकू येईनासा होईपर्यंत मी उभी राहिले, आणि मग चालायला लागले.

घरी पोचले तेव्हा चहा झाला होता. साखर फार पडली होती. मी तो तसाच प्यायले, फोन चार्जिंगला लावला, आणि त्याच्या देखत अपडेट पुन्हा सुरू केलं.