शब्द मोजण्यात माझी चूक, कात्री तिच्या पप्पांवर

मंडळी, आज फार अपराधी वाटतंय.

रहाटणीची माझी मैत्रीण प्रज्ञा, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनच्या सुरक्षिततेवर, लाटेक या मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रबंध लिहीत होती. शब्द मोजायला मी तिला छोटा प्रोग्रॅम करून दिला. त्यात मर्यादेपेक्षा सहाशे शब्द जास्त भरले. म्हणून तिनं प्रस्तावनेतला पप्पांचा भाग काढला. चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर त्यांची दोन बोटं गेली होती.

आज सकाळी प्रबंध जमा झाला, आता त्यात बदल करता येत नाही. दुपारी कळलं, माझा प्रोग्रॅम लाटेकच्या, छापात न दिसणाऱ्या कमांडही शब्द म्हणून मोजत होता. प्रबंध मर्यादेतच होता.

फोन करून कबूल केलं. ती म्हणाली, "पप्पांना तो भाग वाचून दाखवला होता रे. आता काय सांगू?"

उद्या मीच त्यांना भेटून सांगणार आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर सुरुवात कशी केली असती?