नदी मोजणारे मोघेकाका

मोघेकाका कुठल्याही पुलावरून सरळ चालत पलीकडे गेले, असं मी कधी पाहिलं नाही. मध्यावर थांबायचे, खिशातून संत्र्याची साल काढायचे, पाणी जिकडून येतं त्या कठड्यावरून ती खाली सोडायचे आणि स्टॉपवॉचचं बटण दाबून लगबगीने दुसऱ्या कठड्याकडे जायचे. साल पुलाखालून बाहेर आली की पुन्हा बटण. मग वहीत आकडा. असं तीनदा.

"एकदा मोजलं म्हणजे मोजलं नाही," असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरं म्हणणं असं, "वरचं पाणी फुशारकी मारतं गं. तळाशी ते हळू असतं. आलेल्या वेगातले पंधरा टक्के कापायचे, मग नदी खरं बोलते." हे पंधरा टक्के ते सगळीकडे कापत. मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण संपलं की माझ्याकडे वाकून पुटपुटत, "इथे पंधरा पुरणार नाहीत."

आमची ओळख झाली ती जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत, आल्ब नावाच्या छोट्या नदीकाठी, मंडळाच्या सहलीत. मी तिथल्या विद्यापीठात मास्टर्स करत होते. दोन हजार चौदा-पंधराची ही गोष्ट. मी ज्या घरात वाढले तिथे पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं. आईबाबा धरणग्रस्तांच्या संघटनेत होते, मी अक्षरं ओळखायला शिकले तीच पत्रकांच्या मथळ्यांवरून. त्यामुळे काय काम करता विचारल्यावर काका सहज म्हणाले, "आमचं ऑफिस धरणवाल्यांना सल्ला देतं," तेव्हा मी नकळत मागे सरकले.

"एक पाऊल," ते म्हणाले. "साधारण साठ सेंटिमीटर."

हसू आलं, पण संशय गेला नाही. पुढे दर रविवारी शैलाकाकू मला जेवायला बोलवायच्या. त्यांच्या हातची आमटी मी मनापासून खात असे आणि समोर बसलेल्या माणसाकडे तितक्याच मनापासून संशयाने पाहत असे. माणूस इतका साधा असून धरणवाल्यांच्या पगारावर कसा राहू शकतो? बाबा फोनवर म्हणायचे, "साधीच माणसं सह्या करतात, बाळा."

मग एका उन्हाळ्यात काकांनी जाहीर केलं की ते सप्टेंबरात तिबेटला जाणार. एकटे.

"अहो, लेहला चला म्हटलं तर तुमचे गुडघे दुखतात," काकू म्हणाल्या. "आणि तिबेटला एकटे?"

"नदी बघायची आहे एक. फार सुंदर आहे म्हणतात."

नुसती नदी बघायला कोण इतक्या लांब जातं? मी त्या दिवशी आमटी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

ते परत आले तेव्हा मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांचे फोटो दाखवायचं ठरवलं. फोटो लावून देण्याचं काम काकूंनी माझ्यावर सोपवलं. लॅपटॉप उघडला आणि क्षणभर मी सगळं विसरले. निळसर हिरवं पाणी, वाळूच्या बेटांमधून फुटलेले त्याचे फाटे, काठाला पिवळी पडू लागलेली झाडं, बार्लीची शेतं, पुलाला बांधलेल्या रंगीत पताका. मग लक्षात आलं की एकाच पुलाचे चाळीस फोटो आहेत. कठड्यावरून सोडलेली दोरी, तिला बांधलेला दगड, दोरीवर खुणेच्या गाठी. वहीच्या पानांचेही फोटो: रुंदी, खोली, वेग.

हा प्रवास नव्हता. हा सर्व्हे होता.

मी त्यांना विचारलं नाही. आमच्या घरात आधी पत्रक निघायचं, मग चर्चा. त्या रात्रीच मी मजकूर लिहून काढला: 'सुंदर नदीमागचा सर्व्हे. आपल्यातलाच एक इंजिनिअर कुणाचं धरण मोजून आला?' खाली माझं नाव घालून कॉपीशॉपमध्ये चाळीस प्रती काढल्या आणि कार्यक्रमाच्या दुपारी हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीवर एकेक ठेवली.

काका आले, पहिल्या रांगेत बसले, खुर्चीवरचं पत्रक उचललं, चष्मा बदलून शेवटपर्यंत वाचलं. मग खिशातून पेन्सिल काढून त्यात काहीतरी दुरुस्त केलं, घडी घातली आणि फोटो दाखवायला उठले.

"आल्झो, तर मंडळी, परदेशी माणसाला तिथे गाइडशिवाय फिरू देत नाहीत," त्यांनी सुरुवात केली. "माझा गाइड पन्नाशीचा. पहिल्याच दिवशी मला पुलावर गाठून म्हणाला, तू इंडियाचा, राहतोस जर्मनीत, आणि आमच्या नदीत साली टाकतोस. तू आहेस तरी कोण? मी म्हटलं, मला बद्धकोष्ठ आहे, डॉक्टरांनी दिवसाला आठ संत्री सांगितली आहेत." हॉल हसला. "दुसऱ्या दिवशी तो पिशवीभर संत्री घेऊन आला. पलीकडच्या कठड्याला उभा राहून साल दिसली की हात वर करायचा. त्याने ओळखलं होतं सगळं. पण विचारलं नाही पुन्हा."

फोटो संपले. मागून एक गृहस्थ पत्रक हलवत म्हणाले, "मोघे, हे खरं आहे का?"

"नदी मोजली, हे खरं. कुणासाठी मोजली, हे मात्र हिने मला विचारलं नाही." मग ते थांबले, आणि इतक्या लोकांसमोर सांगावं का याचा हिशेब करून बोलल्यासारखं बोलले. त्या नदीवरच्या एका वीजप्रकल्पाचा अहवाल ऑफिसकडे तपासायला आला होता. त्यातलं पाणी त्यांना जास्त वाटत होतं. सही त्यांची हवी होती. "सप्टेंबरात नदी भरलेली असते. तरी त्या अहवालात वर्षभराचं म्हणून जे पाणी लिहिलंय, तेवढं मला सप्टेंबरातही सापडलं नाही. तीनदा मोजलं. सोमवारी आकडे ठेवून सांगणार आहे की सही करत नाही. पण तोवर ऑफिसला कळता कामा नये की मी परस्पर जाऊन आलो. करारात बसत नाही ते. नाहीतर आकड्यांबद्दल कुणी बोलणार नाही, माझ्याबद्दलच बोलतील."

"काका," मी म्हणाले, "मी जर्मनमध्येही काढलंय पत्रक. तुमच्या ऑफिसला सकाळीच मेल केलं."

काकूंनी चकल्यांचं ताट तिथेच टेबलावर ठेवलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका हळूच म्हणाले. "तुझी जर्मन सुधारली म्हणायची."

सोमवारी त्यांना बोलावलं गेलं ते वेगळ्याच कागदासाठी. त्याला आउफहेबुंग्सफरट्राग म्हणतात, म्हणजे दोघांच्या संमतीने नोकरी संपवली असं लिहून देणं. निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांनी आपले आकडे टेबलावर ठेवले, अहवालावर सही केली नाही, त्या दुसऱ्या कागदावर केली आणि दुपारच्या ट्रामने घरी आले. त्यांच्या जागी अहवालावर कुणी सही केली का, ते आकडे कुणी उघडून पाहिले का, मला आजही माहीत नाही. मला वाटतं, नसतील पाहिले.

मी माफी मागायला गेले. काकूंनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. काकाच म्हणाले, "संशय घेतलास ते बरोबरच होतं. माझ्यासारख्या माणसावर घ्यायलाच हवा. पण तू साल एकदाच टाकलीस, आणि पलीकडे जाऊन पाहिलंच नाहीस."

वसंतात ती दोघं पुण्याला परत निघाली. आदल्या दिवशी काकांनी मला आल्बवरच्या लाकडी पुलावर बोलावलं. संत्रं सोलून अर्धं मला दिलं, साल माझ्या हातात ठेवली, स्टॉपवॉचही. मी मोजलं, आकडा सांगितला.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. त्यातले काही शब्द पेन्सिलीने खोडले होते: 'निर्लज्ज', 'दलाल', 'विकला गेलेला'. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पंधरा टक्के कापले. बाकी मजकूर नीट आहे. फोन करायला हवा होता.'

पत्रकं मी अजूनही काढते. फक्त छापायला देण्याआधी, ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याला फोन लावते आणि सरळ विचारते. बहुतेक वेळा तो खोटंच बोलतो. तरी तीनदा लावते.