बिनयमकाचा उखाणा

लग्न ठरलं तेव्हा मी एम.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला होते, रोज बसनं गंगाखेडच्या कॉलेजात जायचे. बैठकीत माझ्या मामांनी परीक्षेचा विषय काढला, तर सासरे म्हणाले, "बघू." आमच्याकडं 'बघू' म्हणजे न्हाईच! माझा जीव टांगणीला. शेवटी ठरवलं, उखाण्यातच मागायचं, अख्ख्या गल्लीसमोर.

अन् उखाणा रचला तो मुक्तछंदात! वर्गात नुकताच शिकलेला, डोक्यात नुसता तोच भिनलेला. सासरी पोचलो, नणंदेनं दार अडवलं, उंबऱ्यावर तांदळाचं माप. मी खणखणीत म्हटलं:

गंगाखेडच्या बसमध्ये खिडकीची जागा,
मांडीवर पुस्तक, बाहेर ऊस;
परीक्षेपर्यंत ती जागा माझीच असू दे,
...रावांचं नाव घेते.

दारातल्या बायका एकमेकींकडं बघायल्या.

"अगं बाई, उखाणा हाय का बातम्या?" नणंद म्हणाली. "यमक कुठाय?"

"मुक्तछंद हाय, ताई! यमक लागत न्हाई. आतली लय बघा. खिडकी ही प्रतिमा हाय, मोकळेपणाची."

"अन् ऊस कशाची?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"सासरची! वरून टणक, आत गोड."

असा हशा उसळला म्हणता! मला तर चेवच चढला. डोक्यावर अक्षता, गळ्यात हार, अन् मी दारात उभी राहून रसग्रहण करायले! नवरा हळूच म्हणाला, "आवर की, पाय दुखायलेत."

नणंद मात्र हटेना. "ते तुमच्या कालेजात. हितं जुळल्याबिगर आत न्हाई. 'घेते'ला काहीतरी जुळव."

जुळणारे उखाणे ढीगभर पाठ होते. एक म्हटला असता तर लगेच आत गेले असते, पण परीक्षा बाहेरच राहिली असती. मी हट्टानं तशीच उभी राहिले.

ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई पुढं झाल्या. त्यांनी ताट नणंदेच्या हातात दिलं, पदर सारखा केला.

"तिचं मी जुळवते," त्या म्हणाल्या, अन् आवाज चढवून:

"परीक्षा होईस्तोवर डबा मी भरून देते!"

घेते, देते. जुळलं की! बायकांनी टाळ्या पिटल्या, गल्लीभर ऐकू गेलं, आता शब्द फिरवायची सोय कुणालाच नव्हती. आनंदाच्या भरात मापाला पाय लागला तो इतका जोरात, की तांदूळ थेट आतल्या ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांच्या मांडीत जाऊन पडले.