कमलम्माने भाकरी थापायची नाही

बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत शिरून कुणालाही "कमलम्मा कुठं राहतात?" असं विचारलं, की तो माणूस पत्ता सांगायच्या आधी घड्याळ बघायचा. "भाकरीला आलाय व्हय? आता कुटल्या मिळत्यात! सकाळी यायचं की ओ." एवढं ऐकवून मग घर दाखवायचा.

कडक भाकरी म्हणजे शाळू ज्वारीच्या पिठाची, तीळ लावलेली, पापडासारखी पातळ आणि महिनाभर टिकणारी. सोलापूरचा माणूस पुण्याला पोराकडे निघाला, की त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि ह्या भाकऱ्यांचे पुडे जास्त. अशा भाकऱ्या गावात शंभर ठिकाणी होतात, पण कमलम्माच्या हातची ती कमलम्माच्या हातची. बाई मूळची वळसंगची. नवरा ऐन पस्तिशीत गेला, तेव्हा मुलगा गुरुशांत चार वर्षांचा होता. दीर म्हणाले, माहेरी जा. ती गेली नाही. पदर खोचला, दारात चूल मांडली आणि बावीस वर्षं ती चूल विझू दिली नाही. पुढे हाताखाली आठ बायका आल्या. त्या आठ घरांतली पोरं ह्याच चुलीवर शिकली, पोरींची लग्नं ह्याच चुलीवर झाली.

बाईची जीभ मात्र जहाल. एकदा एका गिऱ्हाइकानं पुडा हातात घेऊन "जरा जाड वाटत्यात" असं म्हटलं. कमलम्मानं तो पुडा त्याच्या हातातून काढून घेतला. "ठेवा हितं. तुमच्यासाठी न्हाईत ह्या." बिचारा पुढच्या सोमवारी बायकोला घेऊन आला आणि पाच पुडे घेऊन गेला.

अशा ह्या घरी एक दिवस पुण्याहून अजिंक्य आला. तिशीचा, गोड बोलणारा, पायांत पांढरे बूट. दारातच वाकून नमस्कार केला, तिथंच बाई निम्मी विरघळली. तो म्हणाला, "काकू, सरकारनं दारं उघडली आहेत. बाहेरच्या देशांतला पैसा आता आपल्या खाण्याच्या धंद्यात येतोय. तिकडच्या लोकांना माहीत आहे, वाढता बाजार इथंच आहे. आमच्या कंपनीतसुद्धा सिंगापूरच्या फंडाचा पैसा आहे. तुमची भाकरी आम्हाला तुमच्याच नावानं देशभर विकायची आहे. आणि ज्वारीला तर आता जगभरात मान आहे."

"जगाला आता कळलं व्हय?" कमलम्मा म्हणाली. "आमच्या म्हशीलाबी ठाऊक हुतं ते."

अजिंक्य खो खो हसला. गुरुशांत हसला नाही. तो मोबाईलच्या दुकानात उभ्यानं नोकरी करून कंटाळला होता, आणि कंपनी त्याला विक्रीचा अधिकारी करणार होती. त्यानं महिनाभर आईच्या मागे धोशा लावला. कारखाना होईल, पाकिटावर तुझा फोटो येईल, किती दिवस धुरात डोळे जाळणार अव्वा? शेवटी तिनं एकच अट घातली, आपल्या आठही बायका कामावर घ्यायच्या. अजिंक्य म्हणाला, हे काय सांगायचं झालं काकू?

सह्यांच्या दिवशी पुण्याहून चौघं आले, त्यांत एक वकील. आता ह्या घरची रीत अशी, की दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय त्याच्याशी कामाचं बोलायचं नाही. "बर्री, कुंद्री. आधी ऊटा माडरी," या, बसा, आधी जेवा, असं कानडीत म्हणत तिनं पाट मांडले. वकील म्हणाले, दोन वाजता आम्हाला पंढरपूर रोडला दुसरी मिटिंग आहे, तेव्हा जेवण तयार होईतो आम्ही कागद वाचतो, तुम्ही आतून ऐका. बाईला ते पटलं. पाहुण्यांच्या ताटात गरम भाकरी पडायची, तर ती आपल्याच हातची पडली पाहिजे. आठ जणींतली ईरम्मा शेजारी उभी होती, पीठ मळून दिलं की बाकीचं तिच्यावर सोपवता आलं असतं. नाही सोपवलं. चौघांना तीन-तीन भाकऱ्या, वर वांग्याची भाजी आणि शेंगाची चटणी. बाहेर वकील एका सुरात वाचत होते आणि आत काटवटीत धपधप भाकरी थापली जात होती.

"अव्वा, ऐकतीस नव्हं?" गुरुशांतनं मधेच विचारलं.

"ऐकते की, चालू द्या!"

काय ऐकत होती! तिचं सगळं लक्ष तव्यावर. पाहुणे पोटभर जेवले, बोटं चाटत उठले, आणि तिनं हात पुसत पुसत पंधरा ठिकाणी सह्या केल्या. कागदावर पीठ लागलं. वकील म्हणाले, "असू द्या, शुभ आहे."

पुढचं वर्ष झोकात गेलं, हे कबूल केलं पाहिजे. औद्योगिक वसाहतीत शेड उभी राहिली. बायका डोक्याला टोप्या आणि हातांत मोजे घालून कामाला जाऊ लागल्या. आलेल्या पैशांतून घरावर स्लॅब पडला. पाकिटावर कमलम्माचा फोटो झळकला, नाकातल्या नथीसकट. खरं तर ती नथ फोटोवाल्यानं आणली होती, पण ते जाऊ द्या.

चौदाव्या महिन्यात कुठं तरी अमेरिकेत व्याजाचे दर वाढले. तिथं जास्त मिळतंय म्हटल्यावर सिंगापूरच्या फंडानं आपल्यासारख्या देशांतला पैसा काढून घेतला. पुण्याची कंपनी दुसऱ्या बड्या कंपनीनं विकत घेतली. त्या बड्या कंपनीनं हिशेब मांडला, की भाकरी वाटेत फार मोडते, परवडत नाही, त्यापेक्षा चिप्स बरे. सोलापूरची शेड बंद. आठ बायकांना, गुरुशांतला, सगळ्यांना एकाच दिवशी मोबाईलवर निरोप आला. बाजार वाढला तोही लांबच्या माणसांनी ठरवल्यावर, आणि बसला तोही त्यांनीच ठरवल्यावर. सांगा आता, बाळीवेशीतल्या बाईनं भांडायचं तरी कुणाशी?

पण कमलम्मा खचली नाही. "त्यांचं त्यांना लखलाभ," म्हणाली. "आपली चूल कुटं गेली?" दुसऱ्या दिवशी चूल पेटली. वेळ अमावस्या तोंडावर आली होती, शेतात जेवायला जाणाऱ्यांच्या मागण्या सुरू झाल्या. गल्लीत पुन्हा तिळाचा वास सुटला. आठ दिवस बाई नव्या नवरीसारखी वावरली.

नवव्या दिवशी पोस्टानं बड्या कंपनीची नोटीस आली. गुरुशांतनं ती उभ्यानं वाचली आणि खाली बसला.

"काय म्हणत्यात?"

"पाच वर्षं तू ज्वारीची भाकरी विकायला बनवायची न्हाय. विकायची न्हाय. कुणाला शिकवायची न्हाय, सल्लाबी द्यायचा न्हाय. करारात हाय. चालू ठेवलं तर नुकसानभरपाई मागतील, घरावर येईल."

"असलं कुटं लिवलंय? माझ्यासमोर कधी वाचलं?"

गुरुशांतनं मान खाली घातली. "वाचलं हुतं. तू आत भाकरी थापत हुतीस, अव्वा."

ती भडकली. "तू तर बाहेर हुतास की रं! तुला कळत हुतं! मला हाक न्हाय मारायची?"

"मला वाटलं, कंपनीच एवढी मोठी होणार, तर आपल्याला पुन्हा कशाला भाकरी लागतीया," तो म्हणाला आणि सत्तावीस वर्षांचा तो बाप्या आईसमोर रडायला लागला. तिला त्याला मारावंसंही वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही. दोन्ही जमलं नाही.

तिनं स्वतः अजिंक्यला फोन लावला. "अरे, ते तर भाकरी करत न्हाईत आता. मग मी केली तर कुणाचं काय जातंय?"

"काही जात नाही, काकू," तो म्हणाला. "पण तुमचं नाव आणि तो करार आता त्यांच्या मालकीचा आहे, ते सोडत नाहीत. मलाही काढलं हो त्यांनी. माझ्या हातात काहीच राहिलं नाही." त्याचा आवाज इतका पडला होता, की शेवटी हिनंच विचारलं, जेवलास का रे बाबा?

कोर्टाजवळच्या वकिलानं कागद उलटसुलट केले. मुंबईत लवादापुढं जावं लागेल म्हणाला, निकालाला चार वर्षं सहज लागतील. "तोवर तुमची पाच संपतच येतील की," असं म्हणून तो स्वतःच हसला. कमलम्मा उठून बाहेर आली. घरी येऊन तिनं चुलीवर पाणी मारलं.

बायकांची पोटं थांबणार होती थोडीच? बाकी कुणी सही केली नव्हती. ईरम्मानं आपल्या ओसरीत चूल मांडली, सहा जणी तिच्याकडे गेल्या. पहिल्या दिवशी ती बोलवायला आली. "अक्का, तू नुसती येऊन बस. तू बसलीस की आमाला धीर येतोय."

कमलम्मा गेली. भिंतीला टेकून बसली. आता हे धंद्यातलं सांगितलं पाहिजे, की इतकी वर्षं ईरम्मा तव्यावर होती. पीठ मळायला कमलम्मानं कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. सगळी करामत त्यातच. शाळू नवा की जुना, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, किती उरली, हे हातानं बघून ती पाणी ठरवायची. ईरम्माचं पीठ जुन्या शाळूचं होतं, विरी गेलेलं. त्याला कडकडीत आधण हवं होतं. ईरम्मा कोमट पाणी ओतत होती.

भाकरी कडेनं फाटली. दुसरी उचलताना दोन तुकडे झाले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अर्धं पातेलं पीठ वाया गेलं.

"का फाटतंय गं हे?" ईरम्मा रडकुंडीला आली. "अक्का, हात नको लावू. नुसतं सांग की."

कमलम्माच्या ओठांवर शब्द आला होता. आधण, एवढाच तर शब्द. तेवढ्यात दारात एक तरुण येऊन उभा राहिला. अनोळखी, शर्ट इस्त्रीचा, हातात मोबाईल. "तुम्ही पाकिटावरच्या कमलम्मा ना? अरे वा! काकू, एक भाकरी थापून दाखवा की. व्हिडिओ काढतो, लाखो लोक बघतील."

तो हौशी होता की कंपनीचा, कसं कळणार? चांगलाही असेल बिचारा. पण एवढी एक भाकरी तिनं थापली, नाही तर एक शब्द बोलली, तर हिच्याकडून शिकून धंदा करते म्हणून उद्या नोटीस ईरम्माच्या दारात. सहा बायका हातातलं काम टाकून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. कमलम्मानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला न्हाय येत भाकरी," ती म्हणाली.

तरुणानं खांदे उडवले आणि मोबाईल खिशात घालून गेला, पण असा कुणीही केव्हाही दारात येऊन ऐकू शकत होता. ईरम्मानं पुढचा गोळा काटवटीत घेतला, त्याच कोमट पाण्याचा हात लावला आणि थापायला लागली. कमलम्मा बघत बसली.