दोन पेनांचा हिरालाल

"दोन्ही जागी तुमचंच नाव काहून, हिरालालभाऊ?" प्रेमलानं कागदावर बोट टेकलं. "क्लबकडून बी तुमी, अन् पोरीकडून बी तुमीच?"

"बारा वर्सांपासून असंच चालू हाय, वहिनी." मैदानावर रेघा ओढताना चुन्यानं माखलेले हात हिरालालनं पँटीला पुसले.

खोटं नव्हतं ते. सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीपुढं सव्वीस वर्षं काढलेला हा माणूस रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या पोरींचा फुटबॉल क्लब चालवत होता. क्लबचा सचिव तोच, पोरींचा एजंटही तोच. दुसरं होतं कोण? राज्य नवं झालं तसे कागद वाढले. खेळाडू क्लब सोडून चालली की कागदाखाली दोन सह्या लागत. एक सोडणाऱ्या क्लबची, एक खेळाडूच्या बाजूनं बोलणाऱ्याची. हिरालाल पहिली निळ्या पेनानं करी, दुसरी काळ्या. कोणी कधी विचारलं नाही.

आजचा कागद सिलतऱ्याच्या कारखान्याच्या टीमचा. प्रेमलाची पोरगी चेतना, त्याच्या क्लबची गोलकीपर, तिकडं गेली की कारखानेवाले त्याला भट्टीवरून उठवून टीमचा कोच करणार होते. गुडघे तर कधीचेच गेले होते त्याचे.

"एवढंच सांगा," प्रेमला म्हणाली, "तिथं पोरगी खेळन का नुसती बसन?"

तिथली जुनी कीपर चार वर्षं तरी हलणार नव्हती. हिरालालला ते ठाऊक होतं.

"बसन."

चेतना बुटाची लेस सोडत होती. तिला मराठी सगळं समजे, जिभेवर मात्र हिंदीच. "तो काका, आप किसकी तरफ से बोल रहे हो?"

"माह्याच," तो म्हणाला. "माह्याच बाजूनं बोलून राहिलो, पोट्टे."

मग तो लंगडत स्कूटरकडं गेला आणि डिकीतून एक लिफाफा घेऊन आला. नागपूरच्या क्लबचं बोलावणं होतं, पहिल्या नंबरची गोलकीपर म्हणून. आत त्यांचाही कागद होता.

प्रेमलानं तारीख पाहिली. "आठ दिवस झाले याले. पत्राले रायपूर दाखवून राहिले होते का?"

"हव."

स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यानं निळ्या पेनानं क्लबची सही केली, अन् काळं पेन चेतनापुढं धरलं.

"तुह्या बाजूनं तूच कर. पण अगुदर वाच."

ती एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागली. तो उभाच राहिला. तिसऱ्या कलमाशी ती अडली. "ये समझ में नहीं आया."

"मंग सही नको करू. खाली नंबर हाय, त्यायलेच विचार."

तिनं फोन लावला. प्रेमला हिरालालकडं पाहत राहिली. "अन् तुमची कोचगिरी?"

"भट्टीवर दोनची पाळी हाय मले," तो म्हणाला.

गोलपुढची रेघ अर्धीच राहिली होती. भोकं पाडलेलं चुन्याचं डबडं त्यानं उचललं, कमरेत वाकला, आणि जिथं सोडली होती तिथून रेघ ओढू लागला.